भेंडीतली अळी आणि माझ्या मुंग्या

माझ्या मुंग्यांच्या राणीचा फोटो पाहून ज्यांनी बारसं कधी म्हणून विचारलं होतं, त्यांच्यासाठी बातमी. आज सकाळी डब्यात पाळलेल्या निम्म्याहून जास्त मुंग्या मेलेल्या सापडल्या.

पावसाळ्यात कळसाडीच्या आमच्या अंगणात ही राणी एकटीच सापडली होती. आता तिचा पसारा शंभरावर गेला होता. पिल्लांना नुसतं साखरपाणी पुरत नाही, किडे लागतात. काल आई भेंडी चिरत होती, एका भेंडीत अळी निघाली. ती मी डब्यात टाकली. मुंग्यांनी ती लगेच ओढत पिल्लांकडे नेली. मलाही बरं वाटलं.

आज अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, डब्यात डोकावून विचारलं, "अळी कोठली शे?"

मी म्हटलं, कपाशीच्या तासात, म्हणजे ओळीत, लावलेल्या भेंडीतली.

"तठे तं मी परवा फवारा मारेल शे." म्हणजे भेंडी तोडायच्या आदल्याच दिवशी तिथे औषध मारलं होतं.

आई म्हणाली, "पन अळी तं जित्ती व्हती."

आमच्याकडे सगळे असंच समजतात. अळी जिवंत निघाली म्हणजे भेंडीला औषध लागलेलं नाही.

राणी अजून हलतेय. तिच्याजवळ मी फक्त साखरपाणी ठेवलंय.

त्याच भेंडीची भाजी काल आम्ही तिघांनी खाल्ली. अण्णांनी तर दोनदा घेतली.

फवारणीनंतर तुम्ही भेंडी किती दिवसांनी तोडता? खरं सांगा.