मागच्या बुशातलं निळं

तापलेल्या तेलाचा वास आला, तो माझ्याआधी वडिलांना. डोळे अंधुक झाले होते, बोटांनी साथ सोडली होती; नाक मात्र अजून साखर कारखान्यातल्या फिटरचंच होतं.

राहुरीत आमच्या घरामागे पत्र्याची शेड आहे. निवृत्तीनंतर वडिलांनी तिथे एक जुनं, लहानसं लेथ मशीन आणून बसवलं. त्याचा मुख्य शाफ्ट पुढच्या आणि मागच्या अशा दोन पितळी बुशांतून, म्हणजे आधाराच्या जाड कड्यांतून, जातो. दोन्ही बुश एका रेषेत हवेत. इतके, की बोटाच्या हलक्या धक्क्याने शाफ्ट फिरावा आणि दमल्यासारखा सावकाश थांबावा. जुने बुश झिजले होते. वडिलांनी नवे बसवायला घेतले, तेव्हा मधुमेहाने त्यांच्या बोटांच्या टोकांची जाणीव नेलेली होती. अंगठा कापल्याचं त्यांना कळलं, ते बाकावरचं रक्त पाहून आई ओरडली तेव्हा. त्याच दिवशी आईने ठरवून टाकलं: हा शाफ्ट फिरला तर शेड राहील, नाहीतर मशीन विकायचं. गिऱ्हाईकही तिने पाहून ठेवलं. वडिलांनी मान हलवली.

म्हणून मी दर रविवारी नगरहून जाऊ लागले. शाफ्टला निळ्या रंगाचा पातळ हात द्यायचा, तो बुशांत घालून एकदा फिरवायचा आणि बाहेर काढायचा. बुशात जिथे निळं उमटेल तिथे धातू उंच, तेवढाच पात्याने खरवडायचा. पुन्हा निळं, पुन्हा खरवडणं, निळं सगळीकडे सारखं उमटेपर्यंत. कारखान्यात त्यांचा नियम होता, खरवडणाऱ्याने निळं वाचायचं नाही. स्वतःच्या कष्टाकडे पाहताना माणूस हवं ते पाहतो. वाचणारा दुसरा लागतो. खरवडायचे ते, वाचायचे मी.

"वाच गं."

"मागे, वरच्या कडेला. नखाएवढं."

"नख कुनाचं? तुझं का आईचं?"

"माझं, अण्णा."

"मग लई खरवडायचं हाय. तुझी नखं कालेजातली."

ते हसायचे आणि पातं चालू लागायचं. धातूचा तो कोरडा, बारीक आवाज आठवडाभर माझ्या कानात राही.

चौथ्या रविवारी कालव्याकडून ओलसर वारा येत होता. मी बॅटरी धरून वाकले. पुढच्या बुशात निळं सगळीकडे पसरलेलं होतं. मागच्या बुशात मात्र वरच्या कडेला एक बारीक कोर, बाकी सगळं कोरडं, पिवळं. बुश अजून तिरका होता. वडील पाठमोरे उभे होते. सदरा खांद्यांवरून खुंटीवर अडकवल्यासारखा लोंबत होता.

"सगळीकडे सारखं आहे, अण्णा."

"मागंबी?"

"मागेही."

त्यांनी दाराकडे तोंड करून आईला हाक मारली. "ऐकलं का? तुझं गिऱ्हाईक परत पाठव आता."

"फिरू तर द्या आधी, मग मिरवा," आई ओट्यावरूनच म्हणाली.

त्यांनी तेल घातलं, पट्टा चढवला, बटण दाबलं. काही क्षण शेडभर एक संथ, भरलेला घुमारा होता. त्यांनी डोळे मिटले होते. मग तो वास आला. बटण चाचपडत सापडेपर्यंत शाफ्ट मागच्या बुशात अडकून बसला.

उघडून पाहिलं तर एक कड काळी, ओरबाडलेली; समोरच्या बाजूला त्यांच्या पात्याच्या खुणा जशाच्या तशा. त्यांनी बोट फिरवलं, काही कळलं नाही. मग नख फिरवलं. नख अडकलं.

"निळं कुठं हुतं?"

"वरच्या कडेला."

"तुला दिसलं हुतं?"

"हो."

का, असं त्यांनी विचारलं नाही. माझ्यापाशी उत्तर होतं, मायेचं, नीट रचलेलं. ते तसंच राहिलं.

आईने आणखी एक संधी दिली. "बुश काय त्यांनी न्हाई जाळला," एवढंच ती म्हणाली, माझ्याकडे पाहत.

दोन रविवारांनी नवा बुश बसला. वडिलांनी शाफ्टला निळं लावलं, फिरवला, काढला. मी बॅटरी घेऊन बाकापाशी माझ्या जागी उभी राहिले. त्यांनी आईला हाक मारली. ती पिठाचे हात घेऊनच आली.

"मला काय कळतंय त्यातलं?"

"निळं दिसंल तितं बोट ठिव. बास."

बाक आणि भिंत यांच्यात एकाच माणसापुरती जागा आहे. वडिलांनी माझ्या हातातली बॅटरी चाचपून घेतली, आईच्या हातात दिली आणि माझ्या दिशेने तोंड वळवून म्हणाले,

"सरक."