व्हर्सायच्या राजाला मिळालेला कौल

तमाम ग्रामस्थ, चाकरमानी आणि माहेरवाशिणींना अत्यंत गंभीरपणे कळवण्यात येते की, फ्रान्सचं राजघराणं रक्त पिणारं होतं. ही गोष्ट इतकी शतकं दडपून ठेवली गेली. ती उजेडात आणण्याचा मान गुहागरकडच्या आमच्या गावाला, म्हणजे खरं सांगायचं तर मला, मिळालेला आहे.

पुरावा मोबाईलवर सापडला. एका दुपारी जेवून आडवा झालो होतो आणि पॅरिसजवळच्या व्हर्साय गावातला राजवाडा बघत होतो. तोंडाला पांढरी पावडर फासलेली माणसं. दारंखिडक्यांना जाड पडदे. अंघोळीचा कंटाळा, त्यावर अत्तराचा मारा. आणि एक आख्खं दालन आरशांचं. मी उठूनच बसलो. स्वतःला बघायला माणसाला एक आरसा पुरतो. एवढे लावले, ते कोण कोण आरशात दिसत नाही हे तपासायलाच; रक्त पिणारा व्हॅम्पायर आरशात उमटत नाही. राणीने लावून घेतले असणार. पहिल्याच समारंभाला तिने मान वर केली, तर आरशात सगळा दरबार गायब, नवऱ्यासकट. तिसऱ्या अंकाचा पडदा तिथेच पडतो.

हो, नाटक लिहिलं मी. देवाच्या उत्सवातल्या नाटकांना बावीस वर्षं विंगेत उभं राहून मी दुसऱ्यांची वाक्यं कुजबुजलो. माझा आवाज पहिल्या रांगेलाही माहीत नव्हता. यंदा पहिल्यांदाच माझं स्वतःचं नाटक बसत होतं.

पण आमच्याकडे तालमी कितीही झाल्या, तरी नाटक लावायच्या आधी देवाला विचारावं लागतं. गुरव देवाच्या पाषाणाला दोन्ही अंगांना ओल्या पाकळ्या चिकटवतो. गावकर, म्हणजे गावचा पहिला मानकरी, गाऱ्हाणं घालतो, बाकीचे ‘होय महाराजा’ म्हणतात, आणि मग नुसतं बघत बसायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. विचारायचं तीनदाच. तिन्ही वेळा डावी पडली, तर यंदाही तेच जुनं कौटुंबिक नाटक आणि मी पुन्हा विंगेत.

मी गावकरांना एवढंच सांगितलं होतं, की नाटक ऐतिहासिक आहे, फ्रान्सच्या राजाचं. व्हॅम्पायरचा विषय काढला नव्हता.

पहिल्यांदा डावी पडली. दुसऱ्यांदाही डावी.

माझा संशय सरळ गुरवावर गेला. तालमींना तो रोज सभामंडपाच्या खांबाला टेकून उभा असायचा. बोलायचा नाही, हसायचा नाही, दाढीचे खुंट चोळत बघत राहायचा. एकदा तर आमच्या आरशासमोर तो एकटाच सापडला. आरसा म्हणजे प्लायवूडला चिकटवलेला चंदेरी कागद. त्यात हनुवटी वर करून, डावीउजवीकडे मान वळवून तो काहीतरी तपासत होता. मी दिसताच निघून गेला. हा गावकरांचे कान भरतोय, असं माझं पक्कं झालं. शिवाय पाकळ्या चिकटवणार तोच. डावी जरा सैल दाबली की माझी बावीस वर्षं पाण्यात.

गावकरांनी मला पुढे बोलावलं.

“देव दोनदा नाय म्हणतोय. काय लपवलंस तू?”

“काय नाही, काका. राजाचं नाटक आहे.”

“ता कळला. राजा खातो काय?”

बावीस वर्षं लोकांना वाक्यं पुरवली, त्याच कुजबुजत्या आवाजात “रक्त पितो,” मी म्हटलं.

राजाचं काम करणारा आमचा वायरमन घाईने म्हणाला, “स्टेजवर कोकम सरबत आहे, काका.”

“देवाला सरबत सांगितलंत? देवाला नुसता राजा सांगितलात,” गावकर म्हणाले. मग माझ्याकडे वळले. “मुंबईहून नवी सून आली तरी शिवेवर राखणदाराला नारळ ठेवतो आपण. का, तर नवीन माणूस हद्दीत आलंय, सांभाळ. आणि तू आख्खा दरबार आणतोस, तोही रक्ताला चटावलेला, नि गुपचूप?”

मी जाऊन दुकानातून नारळ आणला.

गावकरांनी तो पुढे ठेवला आणि डोळे मिटले.

“बा देवा, शिवेवरच्या राखणदारा, ह्या तुझ्या लेकरानं फ्रान्सचा एक राजा, एक राणी नि दरबाराची सात माणसं नाटकापुरती गावात आणली हायत. ती रक्त पिणारी हायत, हे लेकरू आज कबूल झालंय.”

“होय महाराजा.”

“त्यांच्या मागनं खराच कोण आला असेल, तर त्याला ह्या नारळावर राजी कर. लेकराबाळांच्या, गुरांच्या वाटेला जाऊ देऊ नको. पडदा पडला, की आल्या वाटेनं परत धाड.”

“होय महाराजा.” यातला सगळ्यात मोठा आवाज माझा होता.

वाऱ्याचं निमित्त नको म्हणून पंखे बंद केले. गुरवाने पाकळ्या भिजवल्या. मी त्याच्या बोटांवरून नजर हटवली नाही. उजवी दाबली, डावी दाबली, मला तरी दोन्ही सारख्याच दाबल्यासारख्या वाटल्या. त्याने वळून माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे. मग आम्ही दोघेही पाषाणाकडे बघत राहिलो. कपाळावरचा घाम नाकावर आला तरी पुसायला हात उचलवेना. डावी पाकळी थोडी सरकली, थांबली. आणि उजवी टपकन खाली पडली.

वायरमनने मला मागून मिठी मारली. गावकर नुसते हुंकारले.

गुरवाने ती पाकळी उचलून माझ्या हातावर ठेवली. हात काढून घेतला नाही. दाढीच्या खुंटांवरून दुसरा हात फिरवला, आणि इतके दिवस पोटात धरून ठेवलेलं सगळ्यांसमोर बोलून गेला, “ता सगळा ठीक, पण आरशात दिसतच नाय, तर तो राजा दाढी कशी करायचा?”