मणक्याच्या नावावर

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: त्या दिवशी माझ्या हातावर ठिणगी पडलीच नव्हती.

नव्वदच्या दशकात मी शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत सुपरवायझर होतो. वितळलेल्या लोखंडाचं भांडं लांब दांड्यात बसवून दोघांनी उचलायचं आणि रस साच्यात ओतायचा, अशी तिथली पद्धत. एका टोकाचा गडी रजेवर, म्हणून मी हात लावला. दुसऱ्या टोकाला गारगोटीचे एक जुने कामगार. त्यांना सगळे मामा म्हणत. माझ्या पायात कंपनीचे बूट, त्यांच्या पायात चपला. भाजायचा हक्क हुद्द्याप्रमाणे असायचा.

साचा ओला राहिला होता. रस पडताच आत गुरगुरलं. मी दांडा सोडून मागं उडी मारली ती थेट वाळूत आडवा. भांडं माझ्याकडं कलंडायला लागलं. मामांनी सोडलं नाही. दांडा पिळून भांडं स्वतःकडं ओढलं आणि रस त्यांच्या पायावर सांडला.

चौकशीत मी हातावर ठिणगी पडली म्हणून सांगितलं आणि मालकांपुढं फळ्यावर पाठीचा कणा काढला. चटका बसला की निरोप मेंदूच्या परवानगीसाठी थांबत नाही, मज्जारज्जूतूनच हुकूम सुटतो, हात मागं येतो, मेंदूला मागाहून कळतं. मालक खूश झाले. मज्जारज्जूला नोटीस काढता येत नाही, आणि तो युनियनमध्येही नसतो. मग मॅनेजरनं शंका काढली, की या मामांना तर खरंच चटका बसत होता, यांचा हात का सुटला नाही? उत्तरही त्यानंच दिलं: यांचा मणका मंद. मी मान हलवली.

पायाची बोटं गेलेले मामा गेटवर वॉचमन म्हणून बसले. येणारा-जाणारा विचारायचा, "काय मामा, मणका उठला का न्हाय अजून?" मला मात्र सेफ्टी ऑफिसर केलं. एवढं शास्त्र कळणारा माणूस वाया कसा घालवणार?

पुढं दरवर्षी सुरक्षा सप्ताहात माझं भाषण ठरलेलं. एका वर्षी गुडघ्यावर रबरी हातोडी मारून दाखवायला मामा आपणहून खुर्चीत बसले. गुडघ्याच्या वाटीखाली ठोका दिला आणि तो अधू पाय टुणकन वर आला. सगळे हसले. नंतर त्यांनी मला बाजूला घेतलं.

"सायेब, पाय तर उडतोय की. मग त्या दिवशी हात का न्हाई सुटला माझा?"

"हाताचं वेगळं असतं मामा," मी म्हटलं.

वेगळं काही नसतं. गुरगुर ऐकून मला कळलं होतं की आता हे उडणार. पुढच्या आठवड्यात साखरपुडा होता, तोही आठवला. मामांकडं एकदा बघितलं आणि मग सोडलं. एवढा विचार मज्जारज्जूत होत नाही. मामांच्या मज्जारज्जूनं सोड म्हणून सांगितलंच असणार. त्यांनी ते ऐकलं नाही, कारण समोर मी पडलो होतो.

मामा आता गारगोटीला असतात. वडिलांच्या नसांत काहीतरी दोष आहे, असं त्यांची मुलंही धरून चालतात. त्या मुलांसमोर मामांना एवढं सांगायचं माझ्याकडून राहिलंय: मी बघून सोडलं, आणि तुम्ही मला वाचवायला धरून ठेवलंत.