साखरपाण्यातले खडू

दुर्गदबैलच्या बाजारात भांड्यांच्या दुकानावर मराठी वाचनालय होतं आणि खाली जिन्याशेजारच्या भिंतीत सिमेंटचा काळा फळा. मधोमध पांढरी उभी रेघ. डावीकडे मराठी, उजवीकडे कन्नड. मिरज-सांगलीकडून कापडाच्या धंद्याला आलेल्या मंडळींनी हे वाचनालय काढलं, तेव्हापासूनचा तो फळा. व्याख्यान असो, हळदीकुंकू असो, की कुणी गेलेलं असो, बाजाराला आधी कळायचं ते या फळ्यावरून. गेलेल्या माणसाचं नाव तेराव्यापर्यंत पुसायचं नाही, आणि सुतकातल्या माणसानं खडूला हात लावायचा नाही, अशी रीत.

फळा लिहायचे यशवंतअण्णा. कापडदुकानातली नोकरी सुटली, गुडघे गेले, पण खडू सुटला नाही. खडू तयार करून द्यायच्या त्यांच्या पत्नी कमलक्का. वाटीत साखरपाणी करून त्यात खडू भिजवायचे आणि खिडकीत वाळवायचे. त्यानं अक्षर उठून दिसतं, हाताला लागत नाही. कधी मुंग्या यायच्या.

"तुमचं अक्षर मुंग्यासुद्धा वाचतात हो," कमलक्का म्हणायच्या. आणि एखाद्या दिवशी कणीक मळता मळता, "माझी पाळी आली की नीट ठसठशीत लिहा. कन्नडमध्येपण लिहा हं, नाहीतर माझ्या भाजीवालीला कसं कळायचं?"

"काहीतरीच बोलू नको."

"लिहीन म्हणा की आधी."

"लिहीन, बाई!"

कमलक्का गेल्या त्या आठवड्यातच वाचनालयाची जागा मोकळी करून द्यायची होती. सभासद पुण्याला, बेंगळुरूला गेले होते, जे उरले ते जिना चढू शकत नव्हते. पुस्तकं नवनगरातल्या एका खोलीत जाणार होती. फळा भिंतीतलाच, तो भिंतीबरोबर जाणार.

तिसऱ्या दिवशी दुपारी अण्णा तिथे पोचले तेव्हा टेम्पोत कपाटं चढत होती. वाचनालयाचा सेक्रेटरी नागेश धावत आला. "अण्णा, तुम्ही कशाला आलात या उन्हात?"

"फळ्यावर लिहिलं नाही कुणी?"

नागेशनं मान खाली घातली. "ग्रुपवर टाकलं होतं की. कमलक्कांचा फोटोपण टाकला. आता फळा कोण वाचतं अण्णा?"

"तू लिही."

"माझं मराठी बोलण्यापुरतं. कन्नड शाळेत शिकलो मी. कमलक्कांच्या नावात चूक झाली तर मलाच जेवण जाणार नाही." मग तो हळूच म्हणाला, "तुम्हीच लिहा. परवा ही भिंतच पाडायची आहे. मी कुणाला सांगत नाही."

जिन्याच्या कोनाड्यात डबा होता. त्यात कमलक्कांनी वाळवून दिलेले शेवटचे खडू. अण्णांचा हात कोपरापर्यंत उचलला गेला आणि तिथेच थांबला. नागेशचे वडील गेले तेव्हा हाच नागेश, पोरसवदा, रडत रडत म्हणाला होता, मला अप्पांचं नाव लिहू द्या. अण्णांनी त्याच्या हातातून खडू काढून घेतला होता. सुतकात नाही लिहायचं बाळा, रीत आहे. आज तोच उदार होऊन वाट मोकळी करून देत होता, म्हणूनच त्या वाटेनं जाववेना.

"तुला लिहू दिलं नव्हतं मी," अण्णा म्हणाले. हात खाली आला.

जिन्याच्या वरच्या पायरीवर पद्मा झाडू घेऊन उभी होती. वाचनालय झाडणारी, पेपर लावणारी, आणि तेरावं झालं की ओल्या फडक्यानं फळा पुसणारी. ती खाली आली.

"अण्णा, नान बरीतीनि. मी लिहिते की."

"तुला येतं?"

"कन्नड येतंय. तुमचं बघून बघून."

पदराला हात पुसून तिनं डब्यातला खडू घेतला. एकेक अक्षर दाबून, जरा वाकडं, पण मोठं. नाव, गाव, घरचा पत्ता. अण्णा रस्त्यावर उभे राहून बघत होते. खडू पांढराशुभ्र उठला होता.

"आणि इकडं?" त्यांनी डावीकडे बोट केलं.

पद्मानं मान हलवली. "ते मला येत नाही, अण्णा."

नागेश टेम्पोकडे वळला. त्याचे डोळे भरले होते.

डावी बाजू काळी राहिली. आजवर ती अशी कधी दिसली नव्हती. अण्णांनी मनातल्या मनात तिथे नाव लिहायला घेतलं, पहिल्या अक्षराची दांडी ओढली, आणि पुढचं त्यांना दिसेनासं झालं.

तेवढ्यात डोक्यावर मेथीची पाटी घेतलेली रुक्मिणी चालता चालता थांबली. कमलक्कांची भाजीवाली. तिनं उजवी बाजू ओठ हलवत वाचली, पुन्हा वाचली. पाटी जमिनीवर ठेवली. "अय्यो, नम्म कमलक्का?"

अण्णांनी मान डोलावली.

रुक्मिणी फळ्यापुढे उकिडवी बसली, पदर तोंडाला लावून. दुकानदार हमालांवर ओरडत होता, टेम्पो मागे येत होता. आणि भिंतीच्या फटीतून एक मुंगी निघून कमलक्कांच्या नावावर चढू लागली होती.