चिंबोरीचा खटला

आमच्या नातीला शाळेत वादविवादाला विषय मिळाला: फाशी द्यायची तर सगळ्या पंचांचं एकमत हवं की नको. इथे आखातात, अल मजाजच्या आमच्या फ्लॅटमध्ये आठवडाभर दुसरं बोलणं नाही. अमेरिकेत म्हणे बहुतेक ठिकाणी बारातला एक पंच जरी 'नाही' म्हणाला तरी फाशी टळते. मी म्हटलं, आमच्या गावात पाटील मान हलवायचा, बाकीच्या पंचांच्या माना आपोआप हलायच्या. एकमताला वेळ लागत नसे.

त्याच शुक्रवारी मुलाला रास अल खैमाच्या मित्राने जिवंत चिंबोरी दिली. ताटलीएवढी, नांग्या सुतळीने बांधलेल्या. मी वाटण केलं, तर नात सिंकसमोर आडवी उभी.

"नो, आजी! आधी जूरी. सगळे हो म्हणाले तरच."

"माझं मत फाशी," मुलगा म्हणाला. "यल्ला, चला लवकर, भूक लागलीय."

"आय से नो. झालं, ती वाचली."

"तू तिची वकील. वकिलाला मत नसतं."

पोरगी रडवेली होऊन आईकडे वळली. सून कांदा चिरत होती. "आई म्हणतील तसं," ती म्हणाली. लग्न झाल्यापासून ती हेच म्हणते आणि मग स्वतःला हवं ते करते.

राहिले मी. नात माझ्याकडे अशी बघत होती, जणू सुतळी तिच्याच हातांना बांधलीय. मी चिंबोरी उलटी केली, पोट अंगठ्याने दाबलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं. आदल्याच दिवशी पौर्णिमा झालेली.

"फाशी नको," मी म्हटलं.

नातीने मला मिठीच मारली.

"अगं, सोड! पोकळ आहे ती. पौर्णिमेच्या चिंबोरीत मांस नसतं, नुसतं पाणी. तुझा बाप इथे वाढला, त्याला काय कळणार! अमावास्येची असती तर मीच आधी हो म्हटलं असतं."

"जूरीला कारण विचारत नाहीत, आजी. व्होट इज व्होट."

संध्याकाळी आम्ही तिला समुद्रात सोडायला निघालो. गाडी कोणी चालवली? ज्याने फाशी मागितली त्यानेच. घरी वाटण तसंच पडलेलं, म्हणून मी म्हटलं, येताना बाजारातून पापलेट घेऊ.

"आणि त्याची जूरी?" नातीने विचारलं.

"मेलेलंच घेऊ," मी म्हटलं. "खटला नको."