काट्यासकट

द्वारकामावशी मासळीची पाटी खाली ठेवण्याआधी घरातल्या पोराचं मनगट धरायची. दोन बोटांनी दाबून निकाल द्यायची, "हाड बारीक हाय याचं. मांदेली घे. कुरकुरीत तल नि काट्यासकट चावून खाऊ दे." आमच्या निखिलने एकदा काटे ताटाच्या कडेला काढून ठेवले, तर बाई दारातून हलेना. "काटं टाकायचं तर मच्छी कशाला घेतेस?" असं तिने मलाच झापलं.

आम्ही दादरहून जेसल पार्कला आलो तेव्हापासून ती खारीगावातून चालत यायची. डॉक्टर ज्याला कॅल्शियम म्हणतात, ते तिला न शिकता ठाऊक होतं. दुधाला नाक मुरडणाऱ्या आमच्या बिल्डिंगमधल्या पोरांना तिने दामटून जवळा नि मांदेली खायला लावली.

तिच्या स्वतःच्या घरी एक नात होती, प्राची. आईविना वाढलेली. कपड्यांना मच्छीचा वास येतो म्हणून शाळेत मुली तिच्याशेजारी बसेनात. तेव्हापासून मावशीने घरात मासळी शिजवणंच बंद केलं. पाटीसुद्धा शेजारणीच्या पडवीत ठेवू लागली. दूध प्राचीला पचायचं नाही, म्हणून मग चहा-खारी, नूडल्स, वेफर्स. मावशी कौतुकाने सांगायची, "आता घरान वास न्हाय. पोर खुशीन शालेत जाते."

"बरं केलंस, मावशी," मी म्हणाले. त्याची मला आजही लाज वाटते.

चौदाव्या वर्षी प्राची शाळेच्या जिन्यात घसरली. दोनच पायऱ्या, पण मांडीचं हाड मोडलं. हॉस्पिटलचा फॉर्म भरायला मावशीने मला सोबत नेलं होतं. डॉक्टर म्हणाले, "हाडं फार कच्ची आहेत. वाढीच्या वयात कॅल्शियम मिळालेलंच नाही. दूध चालत नव्हतं, तर निदान बारीक मासे तरी द्यायचे."

"मीच बंद केलं," मावशी म्हणाली.

हाड जुळलं, पण पाय जरा आखूड राहिला. गोळ्या सुरू झाल्या, घरात पुन्हा मांदेली शिजू लागली आणि प्राची ती मुकाट्याने खाऊ लागली. मावशीने मात्र धसका घेतला तो घेतलाच. नातीला ती पाण्याची कळशीसुद्धा उचलू देईना.

यंदा मावशीने अंथरूण धरलं. मी भेटायला गेले तेव्हा तिचे ओठ सुकले होते. पाणी पाजायला प्राची तिच्या पाठीखाली हात घालून तिला उठवू लागली. मावशीने होता नव्हता तेवढा जोर लावून तो हात बाजूला केला.

"मना उचलू नको. तुजं हाड मोडंल."

प्राची पेला धरून तशीच बसून राहिली. मावशीने पाणी घेतलं नाही.