फॅमिली हिस्टरी: काही नाही

माझा धाकटा भाऊ वादळांच्या मागे गाडी घेऊन धावतो. मी त्याला चिडवायचे, "अरे, इंग्लंडातली वादळं ती! तू पोचेपर्यंत चहा पिऊन घरी जातात." तो हसायचा, फोनवर रडार उघडायचा आणि नॉटिंगहॅमहून लिंकनशायरच्या सपाट शेतांकडे सुसाट निघायचा. कधीकधी मीही जायचे. गाडी मी चालवायची, आकाश त्याने बघायचं, असं ठरलेलं.

मागच्या उन्हाळ्यात मी सोबत नव्हते. जीपीने, म्हणजे इथल्या नेहमीच्या डॉक्टरने, त्याला डिप्रेशनच्या गोळ्या सुरू केल्या आणि त्यानंतर तो चार दिवस झोपलाच नाही. पाचव्या दिवशी भर दुपारी, विजा कडाडत असताना, तो पोलिसांना शेताच्या मधोमध सापडला. अनवाणी, ढगांशी बोलत.

हॉस्पिटलच्या मानसोपचार वॉर्डमधल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात आणखी कुणाला असा उन्मादाचा आजार होता का? असेल तर या गोळ्यांनी उलट बिघडतं. औषधच बदलावं लागेल."

"नाही. कुणालाच नाही," बाबा म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. बाबा स्वतः डॉक्टर. तीस वर्षं इथल्या पेशंटना हाच प्रश्न विचारला, आणि कुणी काही लपवलं की घरी येऊन चरफडायचे! आणि आत्याचं काय? आमच्या घरात तिच्याबद्दल एकच वाक्य होतं, "ती जरा हळवी होती." आईसुद्धा त्याच सकाळी लंडनला पिनरमध्ये राहणाऱ्या मावशीला फोनवर सांगत होती, "अगं, मायग्रेन आहे त्याला." पुरे झालं की आता!

"बाबांची बहीण होती," मी म्हणाले. "पुण्याला. तिलाही असंच व्हायचं."

आईने माझा हात दाबला. मी तो सोडवून घेतला. मला बाबांची भयंकर चीड आली होती आणि तितकीच भीतीही वाटत होती.

बाबांनी चष्मा काढला. मग बोलू लागले. "ती झोपायची नाही. विजा चमकल्या की गच्चीवर धावायची. मग आम्ही तिला खोलीत ठेवायचो. कडी मी घालायचो, थोरला ना मी. ती आतून हाका मारायची, दादा, उघड."

डॉक्टरीणबाईंनी सगळं लिहून घेतलं. औषध आजच बदलते, म्हणाल्या.

भाऊ इतका वेळ खिडकीबाहेर बघत होता. तो वळला.

"बाबा, मग तुम्ही उघडलं?"

"नाही," बाबा म्हणाले.